घंटेमागची पाहुणी

त्या मठाला दार एकच होते आणि दारावर सिस्टरही एकच. आत राहणाऱ्या साऱ्या जणींनी जगाकडे पाठ फिरवण्याचे व्रत घेतलेले. तेव्हा जगाकडे तोंड करून बसण्याचे काम कोणीतरी एकीने करणे भागच होते. ते ज्यांच्या वाट्याला आले, त्यांचे केस ते करता करता शिरोवस्त्राखाली पांढरे झाले. आतल्या जणी त्यांना पाठीमागे ‘अडसर’ म्हणत. दारावरच्या सिस्टरांना हे ठाऊक होते, आणि त्यांना त्याचा राग येत नसे. ज्यांनी आयुष्यभर दाराची आतली बाजूच पाहिली त्यांच्या थट्टेला रागाचा मान देणे, हे त्यांना अतिच वाटे.

दाराशेजारी भिंतीत एक लाकडी पिंप उभे बसवलेले होते. ते स्वतःभोवती फिरे. बाहेरच्याने त्यात वस्तू ठेवायची, आतून ते फिरवायचे, की वस्तू आत येई आणि देणाऱ्याचे तोंड बाहेरच राही. त्या पिंपातून मठात तांदूळ येत, साबण येत, औषधे येत. आणि बाहेर जात त्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, प्रसाद म्हणून वाटायच्या पातळ पांढऱ्या चकत्या, ज्या आतल्या सिस्टर पिठाच्या वाफेत उभ्या राहून भाजीत आणि आसपासच्या सगळ्या चर्चना पुरवीत. या देवघेवीबद्दल दारावरच्या सिस्टरांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती पिंपाशेजारच्या झडपेची. ती उघडली की माणूस दिसे, आणि माणूस दिसला की तो बोले.

कोणी कॉन्व्हेंट ही पाटी वाचून मुलाला शाळेत घालायला येई. इथे शाळा नाही, असे सांगितले तर ‘मग तुम्ही आत करता तरी काय?’ असे विचारी. बाकीचे प्रार्थना मागायला येत. एकदा एका गृहस्थाने आपल्या भावाचा कोर्टात पराभव व्हावा म्हणून प्रार्थना सांगितली. दुसऱ्या दिवशी भाऊ त्याच कामाला आला. एका बाईला सून घर सोडून जायला हवी होती, पण नातू मागे ठेवून. प्रार्थना आणि धुण्याचे कपडे यांत या लोकांना काही भेद वाटत नसे: टाकून जायचे, आणि ठरल्या दिवशी इस्त्री होऊन मिळाले पाहिजेत. दारावरच्या सिस्टर सगळे ऐकून घेत, “कळवते” म्हणत आणि झडप लावीत. आत त्या एवढेच सांगत, ‘जगासाठी प्रार्थना करा.’ तपशील सांगून आतल्या पवित्र मौनाला त्यांनी कधी विटाळले नाही.

हा तिरस्कार पाप आहे, याची त्यांना जाणीव होती. दर शनिवारी पापनिवेदनाच्या वेळी त्या फादरांना तेच सांगत. “फादर, मी माणसांना तुच्छ लेखलं.” वृद्ध फादर जाळीपलीकडे पेंगत असत. “किती वेळा?” ते विचारीत. “दार उघडलं तितक्या वेळा.” मग फादर नेहमीचे प्रायश्चित्त सांगत, आणि सोमवारी पहिली घंटी वाजली की सिस्टर नेहमीच्या चेहऱ्याने झडप उघडीत.

दारावर येणाऱ्यांत एक शिंपीण होती. आतल्या एका सिस्टरची ती थोरली बहीण. वर्षातून मोजक्या वेळी ती भेटीच्या खोलीत येऊन बसे. मध्ये लोखंडी जाळी, जाळीपलीकडे धाकटी. तिथे एखादे सद्बोधपर बोलणे व्हावे अशी नियमाची अपेक्षा. या दोघी मात्र भांडत. आईची बशी कोणी फोडली होती, थोरलीच्या लग्नात धाकटी का रुसली होती, असल्या विषयांवर त्यांचा वेळ संपे. दारावरच्या सिस्टरांना साक्षीला कोपऱ्यात बसावे लागे, आणि त्या मनात म्हणत, देवाने एवढी जाळी मध्ये घातली तरी यांची बशी काही सुटत नाही.

पुढे धाकटी सिस्टर अंथरुणाला खिळली. चकत्या भाजण्याच्या खोलीत एके दिवशी जी खाली बसली ती उठली नाही. पाय गेले, मग अन्न जाईना. डॉक्टर आत येऊन तपासून गेले आणि ‘वाट पाहा’ म्हणाले. जाळीपर्यंत येणे तिला आता शक्य नव्हते. शिंपीण दारावर आली.

“तिला भेटायचंय,” ती म्हणाली.

“ती उठू शकत नाही.”

“ते कळलं मला. मी उठू शकते. मी आत येते.”

“बाहेरच्यांना आत येता येत नाही.”

“डॉक्टर गेला की. नळवाला गेलेला मी डोळ्यांनी पाहिलाय, पाना घेऊन. त्याच्यापेक्षा मी परकी?”

“त्यांचं आत काम असतं.”

“आणि माझं काय काम नाही?” शिंपीण म्हणाली. तिच्या पदरावर दोऱ्याचे तुकडे चिकटले होते. “सिस्टरबाई, मी तिला लहानपणी कडेवर घेऊन पाणी भरलंय. तिचा प्राण सुटायचा तर माझ्यादेखत सुटू दे. एवढंच मागते. परत कधी दारात उभी राहणार नाही.”

दारावरच्या सिस्टरांनी मदरना विचारले. मठाच्या मदर लहान चणीच्या, मृदू बोलणाऱ्या आणि नियमाला प्राणापलीकडे जपणाऱ्या होत्या. निदान त्या तसे म्हणत. त्यांनी डोळे मिटून घेतले, म्हणजे नकार देताना त्या नेहमी घेत तसे. “नियम माझा नाही, सिस्टर,” त्या म्हणाल्या. “माझा असता तर मी आत्ता दार उघडलं असतं. बहिणीलाही त्याग करू द्या. तिच्या त्यागाचं फळ आपल्या आजारी सिस्टरला मिळेल.”

दारावरच्या सिस्टर परत आल्या आणि नकार सांगितला. त्यागाचा भाग त्यांनी गाळला. तो तोंडातून काढण्याची त्यांना लाज वाटली. शिंपीण पायऱ्या उतरून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तिसऱ्या दिवशीही. येताना दर वेळी कापडात गुंडाळलेला डबा आणी. तो पिंपातून आत जाई आणि जवळजवळ तसाच बाहेर येई.

याच सुमारास मठात दुसऱ्या एका बाईंच्या आगमनाची तयारी चालू झाली. या बाईंनी मठाचे गळके छप्पर स्वखर्चाने नवे करून दिले होते. दारावरच्या सिस्टर त्यांना मनात ‘छप्परवाली’ म्हणत. छप्पर झाल्यापासून बाईंना मठाविषयी मालकीण आपल्या बागेविषयी बोलते तसा जिव्हाळा उत्पन्न झाला होता. ‘आतलं जीवन’ आपल्याला एकदा प्रत्यक्ष पाहायचे आहे, अशी त्यांची इच्छा. ती त्यांनी जेवणाच्या टेबलावर बिशपांच्या कानी घातली, पुनःपुन्हा घातली, आणि अखेर परवानगी आली. थोर उपकारकर्त्यांना क्वचित प्रसंगी प्रवेश देता येतो, असे नियमात कुठेतरी होते म्हणे. मदरनी ते वाचून दाखवले तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते.

मग मठात जी धांदल उडाली ती पाहून दारावरच्या सिस्टरांना उबग आला. ज्या ओसरीत शब्द उच्चारणे निषिद्ध, तिथे स्वागतगीताची तालीम होऊ लागली. चकत्या भाजायच्या खोलीतले जुने साचे चिंच लावून घासले गेले, जणू बाई त्यांत स्वतःचे तोंड पाहणार होत्या. मदरनी भाषण रचले. त्यात ‘या उंबरठ्याच्या आत आज प्रथमच एका दयाळू भगिनीचे पाऊल पडत आहे’ असे वाक्य होते, आणि ‘प्रथमच’ या शब्दावर त्या किंचित थांबत. दारावरच्या सिस्टरांनी ते भाषण भिंतीआडून इतक्या वेळा ऐकले की त्यांना ते नको असताना पाठ झाले.

“सिस्टर,” मदर त्यांना म्हणाल्या, “आत आणण्याचं काम तुमचंच. घंटा घेऊन पुढे चाला. बाईंना ताटकळत ठेवू नका.”

“आणि ती दुसरी बाई?” सिस्टरांनी विचारले. “ती रोज येते.”

मदरनी डोळे मिटले.

घंटेचा प्रकार असा होता. बाहेरचे कोणीही आत आले, मग तो नळवाला असो की डॉक्टर, तर दारावरच्या सिस्टर हातघंटा वाजवीत त्याच्या पुढे चालत. घंटा कानी पडली की आतल्या जणींनी हातातले काम ठेवून तोंडावर जाड काळे मुखवस्त्र ओढायचे आणि मान खाली घालायची. त्या वस्त्राआडून प्रकाश आणि अंधार एवढे दोनच पदार्थ उमगत. कित्येक पिढ्या हा परिपाठ चालला होता, तेव्हा घंटा म्हणजे ‘कोणी आले’ एवढेच आतल्यांना कळे. कोण आले, हे पाहण्याची त्यांना मुभा नव्हती. आणि काळाच्या ओघात तशी जिज्ञासाही उरली नव्हती.

ठरलेल्या दिवशी मठ सकाळपासून स्वच्छ मौनात उभा होता. सिस्टर ओसरीत दोन रांगांत उभ्या, मध्ये मदर. दारावरच्या सिस्टर आपल्या बाकावर. ठरलेली वेळ आली, आणि गेली. बाई आल्या नाहीत. मोठी माणसे उशिरा येतात, कारण लवकर आली तर वाट पाहणाऱ्यांना मोठेपण मोजायला वेळ मिळत नाही. आत कोणीतरी खोकले, कोणाचा तरी गुडघा वाजला. एवढ्यात दारावरची घंटी झाली.

सिस्टरांनी झडप उघडली. शिंपीण होती. हातात डबा नव्हता.

“आज काही आणलं नाही,” ती म्हणाली. “काल तिनं पाणीही घेतलं नाही, डबा परत देताना तुम्हीच सांगितलंत. मग कुणासाठी रांधू? मी इथे पायरीवर बसते. काही झालं तर आतून हाक मारा. तेवढं तरी नियमात बसतं का?”

दारावरच्या सिस्टर तिच्याकडे पाहत राहिल्या. पुढे जे घडले त्याला लोक दया म्हणतील, आणि ते चूक ठरेल. त्या क्षणी त्यांच्या मनात शिंपिणीविषयी फारसे काही नव्हते. मनात होती ती ओसरीतली रांग, चिंचेने उजळलेले साचे, गीताच्या दुसऱ्या कडव्यात सगळ्यांचा चढणारा स्वर, आणि मदरचे ते उघडे डोळे. त्या साऱ्यांविषयी घशाशी आलेला तिरस्कार इतका निर्भेळ होता की त्याने त्यांचे हात अगदी स्थिर केले. त्यांनी अडसर काढला, खुंटीवरची हातघंटा उचलली आणि म्हणाल्या, “आत या. बोलू नका. माझ्या मागे चाला.”

“कुठे?”

“बोलू नका म्हटलं ना.”

घंटा वाजली. ओसरीतली सारी मुखवस्त्रे एका हालचालीत खाली आली, जणू एखाद्या झाडावर कावळे एकदम बसले. शिंपीण मागोमाग आली, चपला हातात घेऊन. फरशी नुकतीच पुसलेली होती आणि तिला ती खराब करण्याचा संकोच वाटला. गीत सुरू झाले. ‘हे दयामयी, तुझ्या छायेत’ अशी सुरुवात होती, आणि छाया म्हणजे छप्पर, हे सर्वांना समजलेले होते. शिंपीण स्तब्ध उभी राहिली. तिला वाटले, मरणाऱ्या माणसाच्या नातेवाइकांसाठी हे असेच गात असतील. दुसऱ्या कडव्याला तिचे डोळे भरून आले.

मग मदर काळ्या वस्त्राआडून बोलल्या. त्यांचा आवाज खरोखरच गोड होता. “या उंबरठ्याच्या आत आज प्रथमच,” त्या म्हणाल्या, आणि किंचित थांबल्या, “एका दयाळू भगिनीचे पाऊल पडत आहे. आपण आमच्यासाठी जे सोसलेत त्याची परतफेड आम्हा दीन जणींना शक्य नाही. हे घर आपलेच समजावे. इथले कोणतेही दार आपल्याला बंद नाही.”

शिंपिणीने दारावरच्या सिस्टरांकडे पाहिले. सिस्टरांच्या चेहऱ्यावर एक रेषाही हलली नाही. शिंपिणीने मग त्या काळ्या आकृतीला हात जोडले आणि बोलायचे नाही म्हणून नुसती मान हलवली. पाहुणीचे एवढे विनम्र मौन मदरना अपेक्षित नव्हते. त्यांना ते फार उदात्त वाटले, हे त्यांच्या उभे राहण्यावरून कळत होते.

घंटा वाजवीत सिस्टर तिला ओसरी ओलांडून, भाजण्याच्या खोलीवरून, लांबच्या बोळाने आजाऱ्यांच्या खोलीत घेऊन गेल्या. खाटेवर धाकटी पडली होती. तिच्या तोंडावर मुखवस्त्र घालायला कोणी उरले नव्हते, सगळ्या गाण्यात होत्या. तिने डोळे उघडले.

“केवढी जाडी झालीस तू,” धाकटी म्हणाली.

“जाळीतून बारीक दिसत होते का?” थोरली म्हणाली आणि खाटेच्या कडेवर बसली. मग तिने धाकटीचा हात उचलला, बोटे निरखली. “नखं बघ. कापत नाही का इथे कुणी?” तिने कमरेच्या पिशवीतून आपली बारीक कात्री काढली. शिंपीण कुठेही जावो, कात्री तिच्याबरोबर असायचीच.

दारावरच्या सिस्टर वळल्या, तोच बाहेरची घंटी झाली. एकदा, लगेच पुन्हा, आणि मग सोडायचे नाव नाही.

छप्परवाल्या बाई दारात उभ्या होत्या. मागे ड्रायव्हर फळांची करंडी घेऊन. “किती वेळ?” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, दारात सगळ्या असतील.”

“आतून बाहेर कोणी येत नाही,” सिस्टर म्हणाल्या. “चला.” आणि दुसरी काही सोय नसल्यामुळे त्यांनी पुन्हा घंटा वाजवली.

ओसरीत रांगा मोडल्या होत्या. काही जणी पाणी पीत होत्या, एक भिंतीला टेकून पाय चोळीत होती. घंटा ऐकताच मुखवस्त्रे पुन्हा खाली आली. आणि आज्ञापालन हाडीमासी खिळलेले असल्यामुळे, कोणी सांगितले नसताना, गीतही पुन्हा सुरू झाले. या खेपेला त्यात दम नव्हता. दुसऱ्या कडव्याला स्वर चढायचा तिथे तो बसला. बाई तरीही मान डोलवीत होत्या. त्यांना दिसत होती ती काळी कापडे. आतले जीवन पाहायला त्या आल्या होत्या, आणि आतल्या जीवनाने तोंडावर पडदा ओढून घेतला होता.

दुसऱ्यांदा वाजलेल्या घंटेवरून, मघाची पाहुणी कोणी वेगळीच होती, हे मदरना कळले असावे. पण पाहुणी समोर, रांग मागे, आणि भाषण तर पाठ. “या उंबरठ्याच्या आत आज,” त्या म्हणाल्या, आणि पुढचा शब्द त्यांच्या जिभेवर अडला. तो ओठांपर्यंत आला, परत गेला, पुन्हा आला. शेवटी त्यांनी तो उच्चारला, पण इतका हळू की बाईंनी पुढे वाकून “काय म्हणालात?” असे विचारले.

दारावरच्या सिस्टरांनी मान खाली घातली. त्यांना आयुष्यात एवढे हसू कधी आले नव्हते.

“मला आजारी सिस्टरना भेटायचंय,” बाई म्हणाल्या. “फळं आणलीत मी. आपल्या हातानं देईन.”

“आजाऱ्यांची खोली फारशी…” मदर म्हणाल्या.

“छप्पर तिथलंच जास्त गळत होतं ना? बघू तरी कसं बसवलंय.”

सिस्टर घंटा वाजवीत पुढे, बाई मागे, आणि या वेळी त्यांच्या मागे मदरही. खोलीच्या दाराशी येईपर्यंत आतले आवाज ऐकू येऊ लागले. ज्या सिस्टरने काल पाणीही घेतले नव्हते ती बोलत होती. “निळी शाल तूच फाडलीस,” ती क्षीण पण ठाम आवाजात म्हणत होती. “आईला मात्र माझं नाव सांगितलंस.” “फाडली असेल,” थोरली म्हणाली. “हात हलवू नकोस, बोट कापेल.”

बाई उंबरठ्यात थांबल्या. पदरावर दोरे, पायांत चपला नाहीत, आणि खाटेवर खुशाल बसलेली ही कोण बाई?

“या कोण?” त्यांनी विचारले.

मदरनी मुखवस्त्र वर केले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. खरे सांगावे तर भाषण, गीत, सगळेच सांगावे लागणार होते. दयामयी कोणाला म्हटले गेले, तेही. त्यांनी खाटेकडे पाहिले, कात्रीकडे पाहिले, मग दारावरच्या सिस्टरांकडे.

“आमच्या आजारी सिस्टरच्या थोरल्या बहीण,” मदर म्हणाल्या. “मी परवानगी दिली आहे त्यांना. रोज येण्याची.”

“पण बिशप तर म्हणाले, कुणालाच आत घेत नाहीत,” बाईंचा आवाज आपला खाऊ दुसऱ्याला दिलेला पाहणाऱ्या लहान मुलासारखा झाला. “मला दोन वर्षं लागली परवानगी मिळायला.”

“दोनच?” शिंपीण नखावरून नजर न काढता म्हणाली. “नशीबवान आहात.”

बाईंनी करंडी कोनाड्यात ठेवायला सांगितली, छताकडे पाहिले, एक तुळई वाकडी आहे असे म्हटले, आणि चहाला न थांबता निघून गेल्या. त्यांना दारापर्यंत पोचवून दारावरच्या सिस्टर परतल्या तेव्हा मदर बोळात उभ्या होत्या.

“परवानगी मी दिली होती, सिस्टर,” त्या म्हणाल्या. “काल. तुम्हाला आठवतं ना?”

आता दंड होईल, दारावरून काढतील, अशी सिस्टरांची तयारी होती. दंडाला त्या सन्मानाने सामोऱ्या गेल्या असत्या. हे मात्र त्यांना मदरनी गुडघे टेकून क्षमा मागण्याहूनही केविलवाणे वाटले.

“आता आठवलं,” त्या म्हणाल्या.

“आणि उद्यापासून घंटा जरा हळू वाजवा. आजारी माणूस आहे तिथे.”

दिवस कलता शिंपीण बाहेर निघाली. दारापाशी तिने चपला पायांत सरकवल्या, कात्री पिशवीत घालून गाठ मारली. धाकटीने दोन घोट पाणी घेतले आणि संत्र्याची एक फोड चोखली, हे ती स्वतःशीच बोलावे तशी बोलली. मग खुंटीकडे पाहून म्हणाली, “ही घंटा इथेच टांगलेली असते?”

“हो,” दारावरच्या सिस्टर म्हणाल्या. त्या आभारांची वाट पाहत होत्या, आणि ते झिडकारण्याचे शब्दही त्यांनी योजून ठेवले होते.

“मी रोज येत होते तेव्हाही?”

“हो.”

“नुसती काढून वाजवायची, एवढंच?”

सिस्टरांनी अडसराला हात घातला. शिंपिणीने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. सावकाश, रागाशिवाय, झडपेतून जसे एखाद्या प्रार्थना टाकून जाणाऱ्याकडे पाहावे तसे. त्या नजरेचा कस दारावरच्या सिस्टरांना चांगला ठाऊक होता. तीच नजर त्या गेली कित्येक वर्षे जगाला देत आल्या होत्या. स्वतःवर ती पडलेली त्यांनी आज प्रथमच अनुभवली.

“कळवते,” शिंपीण म्हणाली. “उद्या किती वाजता येईन ते कळवते.” आणि पायऱ्या उतरून गेली.

सिस्टरांनी दार लावले, अडसर घातला आणि घंटा खुंटीला अडकवली. थोडा वेळ तिच्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मग ती पुन्हा काढून त्यांनी बाकावर, हाताशी, ठेवली.